दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

२ फेब्रुवारी, धक्क्यावरून

बाबा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं आणि हात थांबला. तीन वर्षांत सवय मोडली. तेव्हा नुसतं बाबा.

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून ही पत्रं. लिहून झालं की फोटो काढून आईच्या फोनवर पाठवीन. ती तुम्हाला वाचून दाखवील. चष्मा सापडत नाही ही सबब चालायची नाही, कारण तुम्हाला वाचायचं नाहीच आहे, ऐकायचंय. आई, मध्येच रडू आलं तर थांब, पाणी पी, पण काही गाळून वाचू नकोस.

कळवायचं ते एवढंच की मी उद्या सकाळी निघतेय. एका गिऱ्हाइकाची बोट पलीकडच्या बेटावर पोचवायची आहे. तीस फुटी, तांबड्या शिडाची. एकटीच जातेय. हवा बरी आहे. दुकानाच्या शटरवर पाटी लावलीय, ‘शिडांची शिवण-दुरुस्ती आता महिन्याभराने’. तुम्ही म्हणाल, शिंपिणीचं समुद्रावर काय काम? आयुष्यभर मला शिंपीण म्हणत आलात. पाहुण्यांसमोरसुद्धा. “थोरला इंजिनियर, आणि ही आमची शिंपीण.” सगळे हसायचे, मीही हसायचे. दादा तेवढा हसायचा नाही.

वाट त्याचीच आहे. जहाजांचा रस्ता आडवा कापून जाणारी. दुसरी वाट लांबची पडते.

हे ऐकून तुम्ही आईला म्हणाल, “बघ, मुद्दाम करतेय.” म्हणा.

हे पत्र आत्ताच पाठवते. बाकीची पोचल्यावर.

८ फेब्रुवारी, समुद्रात

बाबा,

गिऱ्हाईक वगैरे कोणी नाही. बोट माझी आहे. दादाची ज्या साच्यात ओतली होती त्याच साच्यातली, जुनी, एका डॉक्टरकडून घेतलेली. डोलकाठीवर तोच पत्र्याचा गोळा बसवलाय, रडारच्या लहरी परत फेकणारा. आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारं यंत्रही त्याच्याचसारखं, म्हणजे मला जहाजं दिसतात, पण त्यांच्या तसल्या पडद्यावर मी उमटत नाही, रडारवर दिसले तर दिसले. शीड तांबडं. कापड त्याच गिरणीचं, दुहेरी शिवण माझी. त्याच्याकडे नव्हतं असं काहीही मी सोबत घेतलेलं नाही.

वेड लागलंय असं वाटेल. लागलं असेलही. पण मला एक गोष्ट बघायची आहे, आणि ती घरात बसून दिसत नाही.

चौकशीची ती खोली तुम्हाला आठवत असेल. लांबट टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, खिडकीतून येणारा डिझेलचा वास. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तांबड्या कापडाचा हातभर तुकडा होता, दादाच्या बोटीला धडकलेल्या त्या मालवाहू जहाजाच्या नांगराला अडकून आलेला. मला विचारलं, ओळखता का? मी पिशवीवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, ही माझी शिवण आहे. दादा सापडला नव्हता. बोटीचा काही अवशेषही सापडला नव्हता. तेवढंच सापडलं होतं.

मग तुम्हाला बोलावलं. जहाजाच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, “आपण इथे वडील म्हणून बोलणार की कॅप्टन म्हणून?”

तुम्ही म्हणालात, “कॅप्टन म्हणून.”

त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, “बोटीवर सतत पहारा होता का?” तुम्ही म्हणालात, “नाही. एकटा माणूस कधीतरी झोपतोच. नियमाने ती चूक बोटीची.” दुसरा, “जहाजावरून ती बोट दिसू शकली असती का?” तुम्ही म्हणालात, “एवढ्या लहान बोटी लाटांमध्ये दिसत नाहीत.”

पंधरा मिनिटांत संपलं सगळं. जहाज निर्दोष सुटलं. बाहेर आल्यावर त्या वकिलाने तुमच्याशी हात मिळवला आणि तुम्ही तो मिळवू दिलात. मी पायरीवर उभी राहून बघत होते. तुमच्याशी मी बोलले नाही ते त्या दिवसापासून. तुमचं मौन त्यानंतरचं. तेवढा क्रम नीट लक्षात ठेवा.

पहिल्या प्रश्नाबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी झोपते. डुलकीच म्हणायची. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ गळ्यात बांधलंय, वीस मिनिटांचं. क्षितिजावर काही नसताना डोळा मिटला, तर तेवढ्या वेळात जहाज अंगावर येऊन ठेपतं, म्हणून वीस. उठायचं, चहूकडे नजर फिरवायची, पडदा बघायचा, पुन्हा पडायचं. पाच दिवसांत मी एकटीच मोठमोठ्याने बोलायला लागलेय. बहुतेक वेळा तुमच्याशीच, आणि तुम्ही बोलता तशीच तुटक.

माझी तक्रार दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

१३ फेब्रुवारी, समुद्रात

बाबा,

आज एक गेलं. अगदी जवळून गेलं.

दुपार होती, लख्ख ऊन, धुकं नाही, पाऊस नाही. मी जागी होते. भात खाऊन भांडं विसळत होते. पडद्यावर मागून एक जहाज यायला लागलं, कंटेनरचं, भरधाव. तुम्ही शिकवलं होतंत तसं केलं. जेवणाच्या टेबलावर बशी म्हणजे जहाज, मिठाची बाटली म्हणजे आपण. “दिशा बदलत नाही आणि आकार वाढतोय, म्हणजे धडक. पोरांनो, यापलीकडे अक्कल लागत नाही.” दादा आठ वर्षांचा होता, मी सहाची. बशी फुटली तेव्हा आई किती ओरडली होती.

मी पाठीमागच्या कठड्याच्या खांबाला आणि जहाजाच्या नाकाला एका रेषेत धरून बसले. दिशा बदलेना. आकार वाढत चालला.

मागून येणाऱ्याने वाट द्यायची. इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची. दोन्ही नियमांनी वळायचं होतं ते त्याने. मी रेडिओवर त्याच्या नावाने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग नाव-बिव सोडलं आणि नुसतं म्हटलं, “अहो, कोणी आहे का तिथे? तुमच्या समोर मी आहे. समोर!” कोणीतरी तिसऱ्याच जहाजावरून खोकलं, तेवढंच.

मग शीड खाली ओढलं, इंजिन लावलं. ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तिसऱ्यांदा लागलं. सुकाणू आडवं टाकून मी त्याच्या वाटेतून पळाले. हो, पळालेच. जहाजाची बाजू म्हणजे काळी भिंत, गंजाचे ओघळ उतरलेली, माझ्या डोलकाठीच्या कितीतरी वर गेलेली. मान पूर्ण मागे टाकली तेव्हा वरच्या मजल्यावरची काचांची खोली दिसली, जिथून रस्ता बघतात. तिथे मला एकही माणूस दिसला नाही. नसेल असं नाही. पाठमोरा असेल, खुर्चीत असेल, चहा करत असेल.

मागच्या टोकाला नारिंगी कपड्यांतला एक खलाशी बादली उपडी करायला आला होता. त्याने मला पाहिलं. दचकला. मग त्याने हात हलवला. मीही हलवला. दुसरं काय करणार?

त्याच्या लाटेने बोट अशी आडवी झाली की आतली सगळी भांडी खाली आली. मी कठड्याला धरून ओकले. मग खाली जाऊन भात झाडून काढला, आणि झाडताना इतकी खूष होते की मला माझीच किळस आली. कारण वाटलं, झालं, मिळालं उत्तर. जागी असून, हाका मारूनही तो बघत नव्हता. त्या दिवशी दादाही जागाच असेल. त्यानेही इंजिन तीनदा लावलं असेल. फक्त त्याचं तिसऱ्यांदाही लागलं नसेल.

पण तुम्ही याला काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे. “बघितलं, दिसत नाही ते?” म्हणाल. तुम्हाला प्रत्येक गोष्ट तुमच्याच बाजूची वाटते.

१७ फेब्रुवारी, समुद्रात

बाबा,

हे पत्र तुम्हाला आवडेल. सुरुवात तरी.

तीन दिवस वारा जोराचा होता. समुद्र सगळा पांढरा, आणि बोट वर-खाली. डोळ्याला डोळा लागला नाही. काल सकाळी वारा जरा बसला, लाटा मात्र तशाच होत्या. पाठ टेकली. गजर कधी वाजला, मी तो कधी बंद केला, काही आठवत नाही. भर दुपारी मी मेल्यासारखी झोपले होते.

जाग आली ती रेडिओवरच्या हाकेने. बाईचा आवाज होता.

“तांबडं शीड, तांबडं शीड. ऐकताय का?”

मी धडपडत उठले. “ऐकतेय.”

“हुश्श! अहो, पाऊण तास झाला हाका मारतेय. बऱ्या आहात ना? लागलंय का काही?”

“झोपले होते.”

“वाटलंच मला. असू दे. आम्ही वळलोय, तुमच्या मागून जातोय लांबून. तुम्ही आहात तशाच जात राहा, काही करू नका.”

मी वर येऊन बघितलं. दोन मैलांवर टँकर होता. एवढं धूड माझ्यासाठी वळलं होतं. बोलणारी सेकंड ऑफिसर होती, तिचीच पाळी चालू होती. ब्रिजवर, जहाज हाकायच्या त्या काचांच्या खोलीत, बायका नकोत म्हणून तुम्ही मला जहाजावरच्या नोकरीचा फॉर्म भरू दिला नव्हता, त्या ब्रिजवरची.

मी विचारलं, “मी तुम्हाला कधी दिसले?”

“रडारवर दहा मैलांपासून ठिपका येत-जात होता. सहा मैलांवर नीट बसला. मग दुर्बीण लावली तर शीड दिसलं.”

“एवढ्या लाटांत?”

“बघितलं तर दिसतं की,” ती म्हणाली. अगदी सहज. जसं काही मी बावळटासारखं विचारलं होतं.

मी खालीच बसले, पाटावर. दादा गेला त्या दिवशी लाटा याच्या निम्म्याही नव्हत्या. चौकशीत सगळ्यांनी मान्य केलं होतं ते.

मग ती म्हणाली, “आणि तुमच्याबद्दल नोटीसही आली होती ना. सगळ्या जहाजांना.”

“कसली नोटीस?”

“थांबा, वाचते.” कागद चाळल्याचा आवाज आला. “तांबड्या शिडाची तीस फुटी बोट, एकटी स्त्री. बोटीवर सतत पहारा नसण्याची शक्यता. या मार्गावरच्या जहाजांनी रडार व दुर्बिणीने विशेष लक्ष ठेवावं आणि लांबून वाट द्यावी. खाली कुणा निवृत्त कॅप्टनची सही आहे. ओळखीचे का तुमच्या?”

“होते,” मी म्हटलं.

तिने पडदा बघितला असावा. मग म्हणाली, “तुमच्या पुढे रात्रीपर्यंत कोणी नाहीये. मी बघितलंय. झोपा तासभर.” त्या परक्या बाईच्या शब्दावर मी झोपलेसुद्धा.

तर बाबा, पहिल्या प्रश्नाचं तुमचं उत्तर बरोबर होतं. मी झोपले होते. ती बाई नसती तर हे पत्र नसतं. आणि नोटीस नसती तर तिने एवढं डोळ्यांत तेल घालून बघितलंच असतं असंही मी म्हणू शकत नाही. मी जिवंत आहे त्यात तुमचा हात आहे. हे लिहिताना दात आवळले जातायत, पण लिहिते.

आता दोन गोष्टी ऐका. आई, हे सावकाश वाच.

दादा निघण्याच्या आदल्या दिवशी जेवताना त्याने तुम्हाला विचारलं होतं. मी समोर बसले होते. “बाबा, तुमच्या ओळखीच्या लोकांना सांगून ठेवाल का, मी त्या वाटेने जातोय म्हणून?” तुम्ही घास संपवलात, पाणी प्यायलात, आणि म्हणालात, “तुझ्या हौसेपायी जहाजांनी वाकडी वाट करायची? समुद्रावर जायचंय तर आपलं आपण बघ.” त्याने मान डोलावली. उठून ताट उचललं. पुन्हा विषय काढला नाही.

मी तर विचारलंही नव्हतं. मला न मागता नोटीस दिलीत. म्हणजे द्यायला येत होतं.

दुसरी गोष्ट. लहान बोटी दिसतच नसतील, तर जहाजांना ‘लक्ष ठेवा’ असं कशासाठी लिहिलंत? जे दिसत नाही ते बघा म्हणून कोण सांगतं? तुम्हाला माहीत होतं. नोटिशीवर सही करताना माहीत होतं, आणि त्या लांबट टेबलापाशी बसला होतात तेव्हाही माहीत होतं.

६ मार्च, बेटावरून

बाबा,

पोचल्यावर सगळी पत्रं पाठवली. आई म्हणाली, दोन बैठकांत वाचली. मग काल तुमचा फोन आला, तिच्याच नंबरावरून. मला वाटलं तीच आहे. मी इंजिन उघडून बसले होते, हात तेलाने बरबटलेले, म्हणून फोन खांद्याने कानाशी धरला होता.

“ऐकलं सगळं,” तुम्ही म्हणालात. तीन वर्षांनंतरचा पहिला शब्द. मग, “बोट तिथेच विकून टाक. विमानाने ये.”

मी विचारलं, “दुसऱ्या प्रश्नाचं काय?”

“ती चौकशी बंद झालीय.”

“नवीन जबाब दिला तर उघडते. मी विचारून ठेवलंय.”

मागे आपल्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता, अजून नीट केलेला नाही वाटतं. मला वाटलं ठेवणार फोन. पण तुम्ही बोलायला लागलात, आणि आवाज कॅप्टनचा नव्हता.

“मी तीस वर्षं ब्रिजवर उभा राहिलो. दर वेळी बघत होतो असं नाही. कागद भरायचो. गप्पा मारायचो. एकदा एका बंदरात शिरताना जहाजाच्या नाकाला जाळं अडकलेलं दिसलं, मासेमारीचं. फाटलेलं. त्याला लाकडाचा एक तुकडा, निळा रंग दिलेला. आम्ही म्हटलं, वाहत आलं असेल. मी ते कापून पाण्यात सोडायला सांगितलं. कुणी काही विचारलं नाही.” मग म्हणालात, “दिसतं असं म्हटलं, की ते जाळं कुणाचं होतं हे विचारावं लागतं. ते मला झेपलं नाही.”

खरं सांगते, क्षणभर तुम्ही एकटे खुर्चीत बसलेले दिसलात, पायात ते जुने सपाट जोडे. आणि मग दुसऱ्याच क्षणी असा संताप आला की हातातला पाना खाली पडला. म्हणजे कुणा अनोळखी कोळ्याचं मरण तुम्हाला आठवायचं नव्हतं, म्हणून तुम्ही आपल्या पोराला चुकीचं ठरवलंत. त्याचा दोष लिहून घेतला गेला, तुमच्या सहीने. जहाज दुसऱ्या दिवशी माल भरायला गेलं.

मी म्हटलं, “म्हणजे दोघांनाही तुम्हीच बुडवलंत.”

हे बोलायला नको होतं असं आईचं म्हणणं आहे. मी परत घेणार नाही.

तेव्हा आईने तुमच्या हातातून फोन घेतला. ती ओरडली नाही. म्हणाली, “पुरे. दोघांचंही पुरे. तुमचा पहिला प्रश्न नको मला नि दुसराही नको. माझं पोर नाहीये. मी रोज सकाळी उठते आणि ते नसतं. तुम्ही दोघं त्याच्यावरून भांडता आणि मी मधे बसून वाचून दाखवते. वाचनालय उघडलंय का मी?” मग नाक ओढून म्हणाली, “परत कशी येणारेस?”

“बोटीनेच.”

“मग वाटेत पत्रं लिहीत बसू नकोस. तेवढा वेळ झोपत जा.”

म्हणून हे आत्ताच लिहितेय, जमिनीवर बसून.

वारा पुढच्या आठवड्यात वळेल. तेव्हा निघते, त्याच वाटेने. नोटीस काढा. मला ती हवी आहे. रुसून बसण्याची चैन समुद्रावर परवडत नाही, हे आता कळलंय. पण ‘पहारा नसण्याची शक्यता’च्या पुढे एक ओळ वाढवा, की बोट बघितल्यास दिसते. सही तुमचीच हवी.

आणि त्याआधी त्या खोलीत जा. लांबट टेबलापाशी बसा आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदला. वडील म्हणून नको, कॅप्टन म्हणूनच. जाळ्याचंही सांगा. निळ्या रंगाच्या त्या बोटीची कुणी अजून वाट बघत असेल. आम्ही निदान तांबड्या तुकड्यावरून बोट फिरवू शकलो, त्यांना तेवढंही मिळालं नाही. लोक काय म्हणतील, जुने सोबती तोंड फिरवतील, हे सगळं होईल. दादाबद्दल लोक काय म्हणाले ते आईने तीन वर्षं ऐकलं, जिन्यात, दुकानात, दवाखान्यात. “स्वतःच्या चुकीने गेला हो.” आता थोडं तुम्ही ऐका.

हे केल्यावर मी तुम्हाला माफ करीन असा शब्द मी देत नाही. तसं वाटत नाही मला. एका ताटाला बसू, एवढंच म्हणते. तेही रोज नाही.

नाही केलंत तर पुन्हा विचारणार नाही. दुकानाच्या वरची खोली भाड्याने मिळतेय, तिथे कायमची राहीन. आई येत जाईल.

आई धक्क्यावर येणार आहे. मी तिला दिवस कळवीन. बंदराच्या तोंडाशी आले की मी दुर्बीण लावीन. धक्क्यावर एक माणूस उभं आहे की दोन, एवढं मला तिथूनही दिसेल.